मनाचं दुखणं घेऊन जायचं कुठं?

मानसोपचारतज्ज्ञाकडे पहिल्यांदा येणाऱ्या माणसाच्या हातात बरेचदा एक जाडजूड प्लॅस्टिकची फाइल असते. तीत दोन-तीन ईसीजी, एखादा टू-डी इको, पोटाची सोनोग्राफी, थायरॉइडचा रिपोर्ट, क्वचित मेंदूचा एमआरआयसुद्धा. सगळं नॉर्मल. वर प्रत्येक डॉक्टरांनी पाठीवर थाप मारून सांगितलेलं असतं, ‘तुम्हाला काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका.’ या वाक्याचा पहिला अर्धा भाग चुकीचा आणि दुसरा निरुपयोगी. काहीतरी झालेलं असतंच, फक्त ते ईसीजीच्या कागदावर उमटत नाही.

आपल्याकडे मनाचे आजार उशिरा उपचाराला येतात, त्याचं खापर लोकांच्या अडाणीपणावर फोडायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. मनाचा आजार बहुतेक वेळा शरीराच्या तक्रारीतून बोलतो: धडधड, ॲसिडिटी, डोकं जड, अंगात त्राण नाही. मग माणूस त्या त्या अवयवाच्या डॉक्टरकडे जातो, यात त्याचं काय चुकलं? कोणत्या दुखण्याला कोणाचं दार ठोठावायचं, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. ते सांगण्यासाठी हा लेख.

धडधड, काळजी आणि उदासी

सीएनजीच्या रांगेत उभ्या असलेल्या रिक्षावाल्याचं उदाहरण घ्या. चाळिशीचा माणूस, कालपर्यंत ठणठणीत. अचानक छातीत धडधड सुरू होते, घाम फुटतो, हातापायाला मुंग्या येतात, श्वास पुरत नाही, आणि ‘आता मी जातो’ अशी खात्री पटते. शेजारचे दोघं उचलून दवाखान्यात नेतात. तिथं पोचेपर्यंत निम्मं ओसरलेलं असतं. याला पॅनिक अटॅक म्हणतात. तो साधारण दहा मिनिटांत शिखराला पोचतो आणि मग उतरत जातो. जिवाला अपाय करत नाही, पण पुन्हा येईल ही धास्ती मात्र माणसाचं आयुष्य आखडून टाकते. तो आधी ती रांग टाळतो, मग हायवे टाळतो, मग एकट्यानं बाहेर पडणंच सोडतो. पहिल्या वेळी हृदय तपासून घेणं योग्यच, त्यात हयगय नको. पण डॉक्टरांनी हृदय नीट असल्याचं सांगितल्यावरही असेच झटके येत राहिले, तर चौथा ईसीजी काढण्याऐवजी मानसोपचाराकडे वळावं. हा आजार उपचारांना चांगली दाद देतो.

काहींना असा झटका येत नाही, पण दिवसभर काळजीचा भुंगा डोक्यात असतो. मुलगा पोचला का, गॅस बंद केला का, नोकरी टिकेल का. काळजी कोणाला नसते? पण सहा-सहा महिने ती जवळजवळ रोज असेल, आवरता येत नसेल, झोप आणि मान-खांदे धरून बसली असेल, तर तो ‘स्वभाव’ नाही, चिंतेचा विकार आहे.

नैराश्याबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे त्यात माणूस रडत बसतो. पुष्कळ जण रडतच नाहीत. कशातच मन लागत नाही, आवडीचं कालवण पानात पडलं तरी चव लागत नाही, पहाटे तीन-चारला जाग येते आणि मग डोळ्याला डोळा लागत नाही, सकाळी उठणं म्हणजे डोंगर. पुरुषांमध्ये तर ते बऱ्याचदा चिडचिडीच्या आणि दारूच्या रूपात दिसतं. घरातली बाई म्हणते, ‘अंग दुखतं, हातपाय गळून जातात,’ आणि तिला वर्षानुवर्षं टॉनिकच्या बाटल्या मिळत राहतात. म्हाताऱ्या माणसात ते विसरभोळेपणासारखं दिसतं. अशी अवस्था दोन आठवडे बहुतेक दिवस, दिवसाचा बहुतेक वेळ राहिली आणि कामाधंद्यात, घरात अडू लागलं, तर तज्ज्ञाला दाखवायचं. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह हे एकदा जरूर तपासा, कारण त्यांच्या कमतरतेतही माणूस असाच मलूल होतो. एकदाच, दर महिन्याला नव्हे.

बाळंतिणीकडे वेगळं लक्ष हवं. बाळ झाल्यावर पहिले काही दिवस उगाच डोळे भरून येणं नेहमीचं आहे, ते दोन आठवड्यांत निवळतं. त्याच्या पुढे गेलं, बाळाकडे बघावंसं वाटेना, बाळ झोपलं तरी तिला झोप लागेना, ‘मी आई व्हायच्या लायकीची नाही’ असं ती म्हणू लागली, तर ‘डिंकाचे लाडू खा, बरं वाटेल’ म्हणून विषय संपवू नका. आणि ती भलतंसलतं बोलू लागली, बाळाविषयी विचित्र शंका घेऊ लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. अंगावर दूध पाजत असताना घेता येतील अशी औषधं आहेत, डॉक्टर तेवढा विचार करून देतात.

सोवळ्याआड लपलेलं, आणि उघड दिसणारं

मराठी घरात ज्याला लपायला सगळ्यात सोयीची जागा मिळते तो आजार म्हणजे ओसीडी, म्हणजे मंत्रचळ. कोणी तास-तास हात धुतं, घासलेली भांडी पुन्हा घासतं, बाहेरून आलेल्याला दारातच कपडे बदलायला लावतं. घरचे म्हणतात, ‘आमच्या वहिनींचं सोवळं फार कडक.’ वहिनींचे हात साबणानं सोलवटलेले असतात आणि आंघोळीतून बाहेर यायला दोन तास लागतात. सोवळ्यात समाधान असतं. इथं धुऊनही समाधान होत नाही, हा फरक. काहींच्या डोक्यात देवाविषयी किंवा आपल्याच माणसांविषयी घाणेरडे, भयंकर विचार येतात आणि ती लाजेनं मरायला टेकतात, कोणाला सांगत नाहीत. असे विचार येणं हे आजाराचं लक्षण आहे, त्या माणसाच्या मनातली इच्छा नव्हे. हे एवढं वाक्य तज्ज्ञाच्या तोंडून ऐकूनच अनेकांचा निम्मा भार उतरतो. यात ज्याची भीती वाटते त्याला टप्प्याटप्प्यानं सामोरं जायचं आणि धुण्याची ऊर्मी दाबून धरायची, अशी एक विशिष्ट मानसोपचार पद्धत आहे. समुपदेशक निवडताना ‘ही पद्धत तुम्ही करता का?’ असं सरळ विचारा. नुसत्या गप्पांनी ओसीडी हलत नाही.

बायपोलर विकारात उदासीचे काळ असतात तसे उधाणाचेही. माणूस तीन तास झोपतो तरी थकत नाही, अखंड बोलतो, उधारीवर गाडी बुक करतो, गावभर मोठमोठे बेत सांगत सुटतो. नैराश्यासाठी डॉक्टरकडे जाताना पूर्वी कधी असं उधाण आलं होतं का, हे आवर्जून सांगा. नुसत्या नैराश्याच्या गोळ्यांनी अशा माणसाला पुन्हा उधाण येऊ शकतं, त्यामुळे औषधाची निवडच बदलते.

स्किझोफ्रेनियात कानात आवाज येतात, शेजारी कट करतायत असं वाटतं, माणूस एकटा बसून पुटपुटतो, आंघोळ-दाढी सोडतो. त्याच्याशी ‘असं काही नाहीये’ म्हणून वाद घालून उपयोग नाही आणि ‘हो, मलाही ऐकू येतं’ म्हणून री ओढणंही घातक. ‘तुला त्याचा त्रास होतोय, झोप लागत नाहीये, त्यासाठी जाऊन येऊ’ असं म्हणून बघा. झोपेच्या निमित्तानं पुष्कळ जण तयार होतात. तरीही यायला तयार नसेल तर आधी नातेवाइकांनीच डॉक्टरांना भेटावं, पुढं काय करायचं ते तिथं ठरतं.

देवाला जायला माझी ना नाही. घरच्यांना धीर मिळत असेल तर जरूर जा, मात्र गोळ्या पिशवीत ठेवून जा. पण भूत उतरवायच्या नावाखाली मारणं, साखळीनं बांधणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. तसलं कोणी सुचवलं तर उठून यायचं.

दारूबद्दल एकच गोष्ट सांगतो, कारण ती फार थोड्यांना माहीत असते. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्यानं शपथ घेऊन एका रात्रीत दारू बंद केली, तर दोन-तीन दिवसांत त्याला फिट येऊ शकते, तो भ्रमात जाऊ शकतो, प्रसंगी जिवावर बेतू शकतं. दारू सोडायचीच, पण डॉक्टरच्या देखरेखीखाली. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करतंय, आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मराठी बैठका कित्येक गावांत भरतात.

कोण कोणता तज्ज्ञ

पाट्या वाचून गोंधळ उडतो, म्हणून थोडं नीट सांगतो. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट. हे एमबीबीएस करून पुढं मनोविकारशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम झालेले डॉक्टर. औषधं लिहून देतात, गरज पडली तर दाखल करतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. यांनी मानसशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण आणि त्यावर रुग्णालयातलं प्रशिक्षण घेतलेलं असतं. ते चाचण्या घेतात आणि मानसोपचार, म्हणजे बोलून करायचे उपचार, करतात. औषध देत नाहीत. त्यांची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे, म्हणजे आरसीआयकडे, असते आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात काही गैर नाही.

घोळ होतो तो ‘समुपदेशक’ या पाटीपाशी. एमए, एमएसडब्ल्यू करून वर्षानुवर्षं अनुभवी मार्गदर्शकांच्या हाताखाली शिकलेले उत्तम समुपदेशक आहेत, आणि दोन रविवारांचा कोर्स करून भिंतीवर प्रमाणपत्र टांगणारेही आहेत. शिक्षण काय, कोणाच्या हाताखाली शिकलात, माझ्यासारख्या तक्रारीवर काम केलंय का, आणि गरज पडली तर कोणत्या डॉक्टरकडे पाठवता, हे चार प्रश्न विचारा. शेवटच्या प्रश्नावर जो ‘औषधांची गरजच नसते, मी सगळं बरं करतो’ म्हणेल, तिथून निघा. एनर्जी हीलिंग, मागच्या जन्मात नेणारे, तीन दिवसांत अवचेतन मन बदलून देणारे यांच्या फीत कितीतरी महिन्यांचा रीतसर उपचार होतो.

मग आधी कोणाकडे? घरातली कुरबूर, परीक्षेचं दडपण, प्रेमभंग, निवृत्तीनंतरचं रितेपण अशा ठिकाणी झोप-भूक-काम ठीक चालू असेल तर समुपदेशकापासून सुरुवात करायला हरकत नाही. झोप-भूक पार बिघडली, कामावर जाता येईना, संशय-भास आहेत, व्यसन आहे, किंवा जगणं नकोसं झालंय, तर थेट मनोविकारतज्ज्ञ. गावात दोन्ही नसतील तर ओळखीचे फॅमिली डॉक्टर. साध्या नैराश्यावर, चिंतेवर ते उपचार सुरू करू शकतात. आणि बोलून करायचे उपचार म्हणजे शहरी चोचले असं वाटत असेल तर गोव्यातलं काम पाहा. डॉ. विक्रम पटेल यांच्या ‘संगत’ संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत स्थानिक लोकांनाच शिकवून समुपदेशक केलं. सहा-आठ बैठकांत नैराश्याच्या रुग्णांना फायदा होतो, हे त्यांच्या चाचणीत दिसलं आणि २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. समुपदेशक शिकलेला, देखरेखीखाली काम करणारा हवा. त्याचं इंग्रजी फर्डं नसलं तरी चालतं.

पैशाचं म्हणाल तर खाजगी फी सगळ्यांना झेपत नाही, आणि उपचार महिनोनमहिने चालतात. सरकारी सोय लोकांना वाटते त्यापेक्षा बरी आहे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक ठरल्या दिवशी ग्रामीण रुग्णालयांतही जातं. आशाताईंना किंवा तिथल्या नर्सला वार विचारून ठेवा. पुण्याचं ससून, मुंबईचं केईएम, सायन, नायर, जेजे अशा वैद्यकीय महाविद्यालयांत स्वतंत्र विभाग आहेत. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांचं नाव काढलं की लोक दचकतात, पण तिथंही बाह्यरुग्ण विभाग असतो. केसपेपर काढायचा, दाखवायचं, औषधं घ्यायची, घरी यायचं. गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था आहे. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था आहे. आणि घरातून हलायचंच नसेल तर ‘टेलिमानस’चा १४४१६ हा केंद्र सरकारचा मोफत क्रमांक. २०२२ च्या १० ऑक्टोबरपासून तो चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं.

वाट बघायची नाही अशा वेळी

‘मी नसलो तर बरं होईल’, ‘आता सगळ्यांची सुटका करतो’ असं कोणी म्हणत असेल, अचानक देणी फेडत, वस्तू वाटत, निरोप घेत सुटला असेल, तर सरळ विचारा: ‘तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर उपदेश नको, मुलांच्या तोंडाकडे बघ वगैरे तर नकोच. त्याला एकटं सोडू नका. शेतीची औषधं, घरातल्या गोळ्या कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी ठेवा. १४४१६ ला फोन करा, आणि आणीबाणी असेल तर १०८ किंवा ११२ ला, किंवा जवळच्या कुठल्याही रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत न्या. पोलीस केसच्या भीतीनं लोक लपवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम ११५ सांगतं की असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच धरलं जाईल आणि तिच्या उपचाराची जबाबदारी सरकारची राहील. जुन्या दंडसंहितेतलं कलम ३०९ नव्या न्यायसंहितेत त्या रूपात उरलेलंही नाही. तेव्हा आधी दवाखाना, बाकी सगळं नंतर.

पहिली भेट आणि पुढं

जाण्याआधी एका कागदावर लिहून न्या: त्रास कधीपासून, झोप किती, भूक कशी, कामावर किती दिवस खाडे झाले, घरात आधी कोणाला असं झालं होतं का, चालू औषधं कोणती, दारू-तंबाखू किती. ती जाडजूड फाइल न्याच, उगाच पुन्हा तपासण्या होत नाहीत. आजाराचं नाव गुगलवरून ठरवून जाऊ नका; ‘मला बायपोलर आहे’ यापेक्षा ‘गेल्या दिवाळीत आठ दिवस झोपलोच नाही’ हे डॉक्टरांच्या जास्त कामाचं. सोबत कोणी असेल तर थोडा वेळ एकट्यानं बोलायचंय असं सांगायचा तुम्हाला हक्क आहे, विशेषतः सुनांना आणि तरुण मुलांना हे माहीत असावं. तुमची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरवर कायद्यानंही बंधनकारक आहे.

गोळ्यांबद्दल तीन गोष्टी निघतानाच विचारून घ्या: परिणाम कधी दिसेल, सुरुवातीला त्रास काय होईल, आणि थांबवायच्या कधी. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पण मळमळ, डोकेदुखी, घशाला कोरड पहिल्याच आठवड्यात येते. म्हणजे आधी त्रास, मग फायदा. हे कोणी न सांगितल्यामुळे किती जण पाचव्या दिवशी स्ट्रिप फेकून देतात! बरं वाटल्यावरही सहा ते नऊ महिने त्या चालू ठेवाव्या लागतात आणि मग डॉक्टर हळूहळू कमी करतात; एकदम बंद केल्या तर चक्कर, बेचैनी होते. या गोळ्यांची सवय लागत नाही. सवय लागते ती अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामसारख्या झोपेच्या, शांत करणाऱ्या गोळ्यांची. त्या थोड्या दिवसांसाठी ठीक, पण जुनी चिठ्ठी दाखवून केमिस्टकडून वर्षभर आणत राहणं वाईट. बायपोलरसाठी लिथियम चालू असेल तर रक्तातली पातळी, किडनी आणि थायरॉइड ठरल्या वेळी तपासायचं, त्यात टाळाटाळ करायची नाही.

बोलून करायच्या उपचारात दर वेळी हलकं वाटेलच असं नाही. चांगला समुपदेशक तुम्हाला सल्ले देत सुटत नाही, स्वतःच्या गोष्टी सांगत नाही, आणि पुढच्या वेळेपर्यंत करायचं काहीतरी काम देतो. चार-पाच बैठका झाल्यावर आपण कशावर काम करतोय हे तुम्हाला सांगता येत नसेल, तर ते त्यांच्यापाशी बोलून दाखवा.

आरोग्य विमा असेल तर पॉलिसी काढून वाचा. शारीरिक आजारांसारखंच मानसिक आजारांनाही विम्याचं संरक्षण दिलं पाहिजे, असं २०१७ चा तोच कायदा म्हणतो. मात्र बऱ्याच पॉलिसी दाखल झाल्यावरच्या खर्चापुरत्याच असतात, ओपीडीची फी त्यात बसत नाही.

आणि डॉक्टर पटलेच नाहीत तर? तीन मिनिटांत चिठ्ठी लिहून पुढच्याला हाक मारली, तुमचं ऐकूनच घेतलं नाही, असं होतं. गर्दीच्या ओपीडीत तर होतंच. अशा वेळी सगळं सोडून न देता दुसऱ्याकडे जा. पण चालू गोळ्या मधेच तोडू नका आणि आधीच्या सगळ्या चिठ्ठ्या बरोबर घ्या. दाखल झाला असाल तर डिस्चार्ज कार्ड मागून घ्या. आपल्या उपचाराच्या नोंदी मागायचा हक्क कायद्यानं तुम्हाला आहे. कोणती गोळी किती डोसला, किती दिवस घेतली आणि तिनं काय केलं, हे त्या कागदांवर असलं तर नव्या डॉक्टरला पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.